पिव्हटवर फिरणाऱ्या दांड्याला गोळा आदळला: कोणता संवेग टिकतो आणि कोणत्या बिंदूभोवती?

तिरपी_रेघ

घर्षण नसलेल्या आडव्या टेबलावर एकसारख्या जाडीचा दांडा आहे. लांबी १.२ मीटर, वस्तुमान २ किग्रॅ. एका टोकाला भोक पाडून तो उभ्या खिळ्यात अडकवलाय आणि त्या खिळ्याभोवती २ रेडियन/से ने फिरतोय. ०.५ किग्रॅचा मऊ मातीचा गोळा ६ मी/से वेगाने दांड्याला काटकोनात येतो, खिळ्यापासून १ मीटरवर आदळतो आणि चिकटतो. आदळताना दांडा गोळ्याच्या दिशेने येत होता, म्हणजे दोघं समोरासमोर. चिकटल्यानंतरचा कोनीय वेग काढायचाय.

तीन रीतींनी तीन उत्तरं येतात:

रेषीय संवेग टिकतो असं धरून: ०.३५ रेडियन/से
दांड्याच्या मध्यबिंदूभोवती कोनीय संवेग टिकतो असं धरून: १.६४ रेडियन/से
खिळ्याभोवती कोनीय संवेग टिकतो असं धरून: ०.७४ रेडियन/से

छापील उत्तर ०.७४ आहे, हे माहीत आहे. पण बाहेरचं बल नसेल तर रेषीय संवेग टिकायलाच हवा ना? टेबलावर घर्षण नाही, गुरुत्वाकर्षण टेबलाने तोललंय. मग पहिली रीत नेमकी कुठे फसते?

लोलक_आणि_लंबक

"बाहेरचं बल नाही" इथेच फसते. खिळा बाहेरचाच आहे. गोळा आदळतो त्या काही मिलिसेकंदांत खिळा दांड्याला जोराने ढकलतो किंवा ओढतो. वेळ अगदी कमी असली तरी बल तेवढंच मोठं असतं, म्हणून त्याचा आवेग (बल गुणिले वेळ) शून्य धरता येत नाही.

खिळ्याचं हे बल किती, कोणत्या दिशेला, हे आधी माहीत नसतं. पण ते कुठे लागतं ते पक्कं माहीत असतं: खिळ्यावरच. म्हणून खिळ्याभोवती त्याचं आघूर्ण (बल गुणिले त्या बिंदूपासून बलाच्या रेषेपर्यंतचं लंब अंतर) शून्य. ज्या बलाबद्दल काहीच ठाऊक नाही ते समीकरणातून आपोआप गळावं, एवढ्यासाठीच तो बिंदू निवडायचा.

आकडे:

दांड्याचं खिळ्याभोवतीचं जडत्व आघूर्ण (फिरण्याची गती बदलायला वस्तू किती विरोध करते त्याचं माप) = १/३ × २ × १.२² = ०.९६ किग्रॅ·मी²
गोळ्याचा कोनीय संवेग = ०.५ × ६ × १.० = ३.०० (हीच दिशा धन धरू)
दांड्याचा कोनीय संवेग = ०.९६ × (−२) = −१.९२
एकूण = १.०८ किग्रॅ·मी²/से
चिकटल्यावरचं जडत्व आघूर्ण = ०.९६ + ०.५ × १.०² = १.४६
कोनीय वेग = १.०८ ÷ १.४६ = ०.७४ रेडियन/से

उत्तर धन आलं, म्हणजे दांड्याची फिरण्याची दिशा उलटली. ऋण चिन्ह विसरलं तर ४.९२ ÷ १.४६ = ३.३७ येतं. चिन्हाची चूक हीच या प्रकारच्या गणितात सगळ्यात जास्त होते. आकृती काढून एक वळसा धन ठरवा आणि शेवटपर्यंत तो बदलू नका.

अबोली_क्ष

एक अगदी मूलभूत शंका. गोळा तर सरळ रेषेत येतोय, फिरत नाहीये. मग त्याला कोनीय संवेग कुठून आला?

लोलक_आणि_लंबक

कोनीय संवेग असायला वस्तू गोल फिरायला हवी असं नाही. एखादा बिंदू निवडा, त्या बिंदूपासून वस्तूच्या वाटेवर लंब टाका. वस्तुमान × वेग × त्या लंबाची लांबी म्हणजे त्या बिंदूभोवतीचा कोनीय संवेग. गोळा १० मीटर लांब असताना तो ३.०० होता, ५ मीटरवर ३.०० होता आणि आदळायच्या क्षणीही ३.०० आहे, कारण वाट सरळ आहे आणि लंबाची लांबी बदलत नाही. गोळा दांड्याला लागला त्या क्षणी त्याला कोनीय संवेग "मिळाला", ही समजूत सोडून द्यायला हवी.

तिरका आदळला तर? गोळ्याची वाट दांड्याच्या लंबाशी ३० अंशांचा कोन करत असेल, तर ६ ऐवजी ६ × कोसाइन ३०° = ५.२० मी/से घ्या. वेगाचा उरलेला भाग दांड्याच्या लांबीच्या दिशेने आहे, त्याची रेषा खिळ्यातूनच जाते, म्हणून खिळ्याभोवती त्याचा हिशेब शून्य. गोळा चिकटला की तो भाग पूर्णपणे खिळा शोषून घेतो.

साडेतीन_दशांश

तिरपी_रेघ, रेषीय संवेग टिकत नाही म्हटल्यावर किती टिकत नाही तेही काढून बघा. शंका त्यानेच फिटेल.

आदळण्याआधी: गोळा +३.०. दांड्याच्या मध्याचा वेग ०.६ × (−२) = −१.२ मी/से, गुणिले २ किग्रॅ = −२.४. बेरीज +०.६०.
आदळल्यानंतर: दांडा २ × ०.६ × ०.७४ = ०.८९, गोळा ०.५ × १.० × ०.७४ = ०.३७. बेरीज +१.२६.

म्हणजे रेषीय संवेग कमी न होता दुपटीहून अधिक झाला. फरक +०.६६ न्यूटन-सेकंद. हा खिळ्याने दिलेला आवेग आणि तो गोळा ज्या दिशेला चालला होता त्याच दिशेला आहे. बऱ्याच जणांना वाटतं की खिळा नेहमी गोळ्याला विरोधच करणार. तसं नसतं.

तुमची दुसरी रीतही याच आकड्याने तपासता येते. मध्यबिंदूभोवती आधीचा कोनीय संवेग १.२० − ०.४८ = ०.७२, नंतरचा ०.३३. घट ०.३९. खिळ्याचा आवेग ०.६६ गुणिले मध्यापासूनचं अंतर ०.६ = ०.३९. जेवढा गेला तेवढा खिळ्याच्या आघूर्णाने नेला. मध्यबिंदू निवडणं चूक नव्हतं. तिथे खिळ्याचं आघूर्ण शून्य धरलं, ती चूक.

तिरपी_रेघ

हे फारच स्पष्ट झालं, आभार. पण खिळ्याचा आवेग गोळ्याच्याच दिशेला का? अंतर्मनाला पटत नाही.

साडेतीन_दशांश

दांडा टेबलावर मोकळा, स्थिर पडलाय, खिळा नाही, असं समजा. त्याच्या मध्यावर मारलं तर अख्खा दांडा सरळ पुढे सरकेल, दोन्ही टोकं पुढे. अगदी लांबच्या टोकावर मारलं तर मध्य पुढे जाईल, पण दांडा गरगर फिरेल आणि जवळचं टोक उलट, मागे येईल. मधे कुठेतरी अशी जागा असणारच की तिथे मारल्यावर जवळचं टोक त्या क्षणी ना पुढे ना मागे. एकसारख्या दांड्यासाठी ती जागा त्या टोकापासून लांबीच्या दोन तृतीयांशावर, म्हणजे इथे ०.८ मीटरवर. तिला आघात केंद्र म्हणतात.

आता खिळा परत घाला. ०.८ मीटरच्या अलीकडे मारलं तर टोक पुढे जायला बघतं, खिळा त्याला मागे धरतो, आवेग गोळ्याच्या विरुद्ध. पलीकडे मारलं तर टोक मागे यायला बघतं, खिळा त्याला पुढे रेटतो, आवेग गोळ्याच्याच दिशेला. तुमचा गोळा १.० मीटरवर लागलाय, म्हणून दुसरा प्रकार.

गोळ्याने दांड्याला दिलेला आवेग ०.५ × (६ − ०.७४) = २.६३ न्यूटन-सेकंद. त्याच्या तुलनेत खिळ्याचा आवेग असा:

०.४ मीटरवर आघात: अर्धा, उलट दिशेला
०.८ मीटरवर: शून्य
१.० मीटरवर: पाव, त्याच दिशेला (२.६३ ÷ ४ = ०.६६, वर आलेलंच उत्तर)
१.२ मीटरवर, म्हणजे टोकाला: अर्धा, त्याच दिशेला

सूत्र असं: (वस्तुमान × वस्तुमान केंद्राचं अंतर × आघाताचं अंतर ÷ जडत्व आघूर्ण) − १, आणि याला गोळ्याच्या आवेगाने गुणायचं. दांडा आधीपासून फिरत असला तरी हे प्रमाण तेच राहतं. दांड्याच्या लांबीच्या दिशेने खिळा जे ओढतो तो वर्तुळाकार गतीचा भाग वेगळा. आघाताच्या अत्यल्प वेळेत त्याचा हिशेब नगण्य.

ही गोष्ट पुस्तकापुरती नाही. धातूची चिवटता मोजायच्या शार्पी चाचणीत १० × १० × ५५ मिमीचा, मधोमध २ मिमी खोल खाच असलेला नमुना जड लोलकाने एका फटक्यात तोडतात. त्या यंत्राचा लोलक असा बनवतात की फटका आघात केंद्राजवळच बसावा. नाहीतर बेअरिंगला हिसका बसतो, चौकट थरथरते आणि नमुन्याने खाल्लेल्या ऊर्जेत ती ऊर्जा खोटी मिसळते. दाराचा स्टॉपरही याच कारणासाठी बिजागरीपासून रुंदीच्या दोन तृतीयांशावर हवा. ९० सेंमीच्या दाराला ६० सेंमीवर. बिजागरीच्या जवळ लावलेल्या स्टॉपरवर दार जोरात आपटत राहिलं की बिजागरीचे स्क्रू ढिले होतात.

पाचवा_गिअर

आता ऊर्जेचं बोला. आधीची गतिज ऊर्जा: गोळा ९ ज्यूल, दांडा १.९२, एकूण १०.९२. नंतरची फक्त ०.४०. साडेदहा ज्यूल गेले. इतके?

लोलक_आणि_लंबक

समोरासमोरची टक्कर आणि चिकटणं, दोन्ही एकत्र आल्यावर इतके जातात. झटपट तपासायची रीत सांगतो, ती उसळणाऱ्या चेंडूलाही चालते.

आदळण्याच्या बिंदूपाशी दांडा जणू एका ठरावीक वस्तुमानाच्या गोळ्यासारखा वागतो. ते वस्तुमान = जडत्व आघूर्ण ÷ अंतराचा वर्ग = ०.९६ ÷ १.०² = ०.९६ किग्रॅ. आता ही ०.५ आणि ०.९६ किग्रॅच्या दोन गोळ्यांची सरळ टक्कर झाली. जवळ येण्याचा वेग ६ + २ × १.० = ८ मी/से. क्षपित वस्तुमान (दोन वस्तुमानांचा गुणाकार ÷ बेरीज) ०.५ × ०.९६ ÷ १.४६ = ०.३२९. गेलेली ऊर्जा = ½ × ०.३२९ × ८² = १०.५ ज्यूल. जुळलं.

गोळा मातीचा नसून उसळणारा असेल तर एक अज्ञात वाढतो, म्हणून एक समीकरणही वाढवावं लागतं: दूर जाण्याचा वेग = उसळीचा गुणांक × जवळ येण्याचा वेग. हे वेग आदळण्याच्या बिंदूचे घ्यायचे, दांड्याच्या मध्याचे नाहीत.

गुणांक ०.५ असेल तर: दांडा २.११ रेडियन/से, चेंडू −१.८९ मी/से (परत फिरला), गेलेली ऊर्जा ७.९ ज्यूल.
गुणांक १ असेल तर: दांडा ३.४८ रेडियन/से, चेंडू −४.५२ मी/से, ऊर्जा पूर्ण शिल्लक.

दोन्ही वेळा ०.५ × चेंडूचा वेग × १.० + ०.९६ × कोनीय वेग = १.०८ येतं का, करून बघा. उसळीचा गुणांक काहीही असो, खिळ्याभोवतीचा कोनीय संवेग तोच राहतो. ऊर्जा मात्र गुणांकावर अवलंबून. "स्थितिस्थापक टक्कर" असं स्पष्ट दिलेलं नसेल तर ऊर्जा टिकवणारं समीकरण लिहायचंच नाही.

अबोली_क्ष

छतापासून लोंबणारा दांडा आणि गोळा चिकटून तो वर झुलतो, असं असेल तर? तिथे गुरुत्वाकर्षण आहे. मग खिळ्याभोवती कोनीय संवेग टिकेल?

साडेतीन_दशांश

दोन टप्पे करा आणि त्यांची सरमिसळ होऊ देऊ नका.

पहिला टप्पा टक्कर, काही मिलिसेकंदांची. यात कोनीय संवेग. हाच दांडा स्थिर लोंबतोय आणि तोच गोळा १ मीटरवर चिकटला, तर ३.०० ÷ १.४६ = २.०५ रेडियन/से.
दुसरा टप्पा झोका. यात ऊर्जा. ½ × १.४६ × २.०५५² = ३.०८ ज्यूल. ती (२ × ०.६ + ०.५ × १.०) × ९.८ × (१ − कोसाइन) इतकी व्हायला हवी. कोन ३५ अंश येतो.

सुरुवातीच्या ९ ज्यूलवरून थेट कोन काढला तर ६३ अंश येतो. टकरीत गेलेली सहा ज्यूल विसरण्याची ही किंमत.

लोंबत्या दांड्याच्या वजनाची रेषा पिव्हटमधूनच जाते, त्यामुळे टकरीच्या क्षणी आघूर्ण शून्य, प्रश्नच मिटतो. दांडा आडवा असताना गोळा लागला तर मात्र वजनाचं आघूर्ण २ × ९.८ × ०.६ = ११.८ न्यूटन-मीटर. टक्कर ५ मिलिसेकंदांची असेल तर त्याने बदललेला कोनीय संवेग ०.०६, म्हणजे ३.०० च्या २ टक्के, सोडून देता येतो. पण फार मऊ मातीत गोळा रुतायला ४० मिलिसेकंद लागले तर ०.४७, म्हणजे जवळजवळ १६ टक्के. "टकरीत गुरुत्वाकर्षण विसरायचं" हा नियम टकरीची वेळ बघूनच वापरा.

लोलकाला गोळी मारून तिचा वेग काढायची युक्ती बेंजामिन रॉबिन्स यांनी १७४२ मध्ये मांडली. तिथेही गोळी पिव्हटपासून किती अंतरावर लागली आणि लोलकाचं जडत्व आघूर्ण किती, हे धरल्याशिवाय वेग बरोबर निघत नाही. हलक्या दोरीला टांगलेल्या ठोकळ्याचं सोपं सूत्र जड दांड्याच्या लोलकाला लावू नका.

पाचवा_गिअर

प्रयोग करून बघायचा असेल तर कुठे कुठे चुकतं?

भोकाचा_व्यास

इथे बऱ्याच गोष्टी आहेत.

पिव्हट: ६०८ क्रमांकाचं बॉल बेअरिंग (आतला व्यास ८ मिमी, बाहेरचा २२, जाडी ७) पुरतं. दाट ग्रीस असेल तर धुऊन पातळ तेलाचा एक थेंब टाका. टकरीच्या क्षणी बेअरिंगच्या घर्षणाचा परिणाम मोजण्याइतकासुद्धा नसतो, कारण घर्षण लागतं ते आसापासून अवघ्या काही मिलिमीटर त्रिज्येवर. ते त्रास देतं टकरीनंतर, कोनीय वेग हळूहळू खाऊन. म्हणून वेग टकरीला लागूनच मोजायचा.

भोकाची जागा: भोक टोकापासून २ सेंमी आत पाडलं की १/३ चं सूत्र लागू नाही. या दांड्याला ०.९६ ऐवजी ०.९१३ येतं, ५ टक्के फरक. त्यापेक्षा सूत्र सोडा आणि जडत्व आघूर्ण मोजाच. दांडा लोंबता ठेवा, १० अंशांच्या आत झुलवा, १० पूर्ण (जाऊन परत येईपर्यंतच्या) झोक्यांची वेळ घ्या. एका झोक्याच्या वेळेला २π ने भागून वर्ग करा आणि वस्तुमान × ९.८ × वस्तुमान केंद्राचं अंतर याने गुणा. भोक अगदी टोकाला असेल तर या दांड्याचे १० झोके १७.९५ सेकंदांचे. वस्तुमान केंद्र पट्टीच्या धारेवर दांडा तोलून काढा.

स्टँड: सगळ्यात जास्त चुका इथे. हलकं स्टँड टकरीच्या वेळी स्वतःच सरकतं. पिव्हट हलला की "दांड्याच्या प्रत्येक बिंदूचा वेग = कोनीय वेग × अंतर" हे नातंच मोडतं आणि सगळा हिशेब कोसळतो. टेबलाला क्लॅम्पने घट्ट आवळा. ते शक्य नसेल तर गोळा आघात केंद्रावरच मारा. तिथे पिव्हटवर आवेगच येत नाही, म्हणून स्टँड हलायचं कारणही उरत नाही. मातीचा गोळा चिकटणार असला तरी हे चालतं.

आघाताची जागा: दांड्यावर खडूची पूड फासा, ठसा मधोमध मोजा. १ मीटरमध्ये १ सेंमी चुकलं तर गोळ्याच्या कोनीय संवेगात १ टक्का चूक.

व्हिडिओ: सेकंदाला २४० फ्रेमच्या चित्रीकरणात एक फ्रेम ४.२ मिलिसेकंदांची. ०.७४ रेडियन/से ने फिरणारा दांडा १० फ्रेममध्ये जेमतेम १.८ अंश वळतो, तो कोन नीट मोजता येत नाही. ४८ फ्रेम घ्या, साडेआठ अंश मिळतात. कॅमेरा आसाच्या अगदी रेषेत, नाहीतर कोन तिरपे दिसतात.

आणि एक गोष्ट जी आकडे घेऊन झाल्यावरच लक्षात येते: समोरासमोरच्या टकरीत दोन मोठे आकडे वजा होतात. ३.०० आणि १.९२ मध्ये प्रत्येकी १ टक्का चूक असेल तर १.०८ मध्ये सव्वातीन टक्के. दांडा २ ऐवजी ३ रेडियन/से ने फिरत असता तर ३.०० − २.८८ = ०.१२, आणि त्याच एक-एक टक्क्याने उत्तरात ३५ टक्के चूक. नियम तपासायचा असेल तर आधी दांडा स्थिर ठेवून करा.

तिरपी_रेघ

शेवटची शंका. फिरत्या तबकडीवर वरून मातीचा गोळा टाकला तर तबकडी मंदावते. तो गोळा नंतर सुटून पडला तर तबकडी परत पूर्वीच्या वेगाने फिरेल का? जडत्व आघूर्ण तर पहिल्याइतकंच झालं.

लोलक_आणि_लंबक

नाही, वाढणार नाही. ३ किग्रॅची, ०.२ मीटर त्रिज्येची तबकडी घ्या. जडत्व आघूर्ण ½ × ३ × ०.२² = ०.०६. ती १० रेडियन/से ने फिरतेय, तर कोनीय संवेग ०.६०. आसापासून ०.१५ मीटरवर ०.३ किग्रॅची माती सरळ वरून पडली. खाली येण्याच्या वेगाचा आसाच्या दिशेने कोनीय संवेग शून्य, तो धक्का बेअरिंग सोसतं. नवीन जडत्व आघूर्ण ०.०६६७५, कोनीय वेग ०.६० ÷ ०.०६६७५ = ८.९९.

आता माती सुटली. सुटताना ती स्थिर नाही. तिच्याकडे ०.१५ × ८.९९ = १.३५ मी/से चा स्पर्शरेषेतला वेग आहे, म्हणजे ०.३ × १.३५ × ०.१५ = ०.०६०७ इतका कोनीय संवेग ती घेऊन जाते. तबकडीकडे ०.५३९३ उरतो. ०.५३९३ ÷ ०.०६ = ८.९९. सुटताना मातीने तबकडीला ना ढकललं ना ओढलं, म्हणून तबकडीचा वेग आहे तोच राहिला.

तबकडी परत १० वर आणायची असेल तर मातीला सुटताना तबकडीला पुढे रेटावं लागेल, इतकं की तिचा स्वतःचा स्पर्शरेषेतला वेग शून्य व्हावा. तेव्हाच सगळा ०.६० तबकडीकडे परत येतो.